लिनक्सवर नेट येईना तेव्हा

सांगली-मिरजेत लिनक्स ज्या मशिनवर बसतं, ती बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या हाताची असतात. मोठ्या ऑफिसांतून लॉटमध्ये निघालेले डेस्कटॉप इथे येऊन मार्केट यार्डातल्या अडत दुकानात, कुपवाड एमआयडीसीतल्या वर्कशॉपच्या टेबलावर किंवा तासगाव-पलूसकडच्या शाळेच्या लॅबमध्ये जातात. कॉलेजच्या पोरांचे लॅपटॉप वेगळेच. डेबियन किंवा मिंट (दोन्ही लिनक्सचेच प्रकार) अर्ध्या तासात बसतं, स्क्रीन येते, आवाज येतो, आणि नेट येत नाही. मग समोरचा माणूस ठरलेलं वाक्य बोलतो: ‘‘साहेब, ड्रायव्हर टाकायचा राहिला असेल.’’

विंडोजची सवय असल्याने हे साहजिक आहे. लिनक्समध्ये मात्र बहुतेक नेटवर्क कार्डांचे ड्रायव्हर कर्नलसोबतच, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यासोबतच, आलेले असतात. अडतं ते दुसरंच काहीतरी: फर्मवेअरची, म्हणजे कार्डाच्या आत चालणारी, फाइल नसते, वायफाय ब्लॉक असतं, सिक्युअर बूट (सही नसलेलं काही चालू होऊ न देणारी सोय) मॉड्यूलला, म्हणजे ड्रायव्हरच्या फाइलला, आत घेत नाही, किंवा केबलच मेलेली असते. म्हणून आम्ही एक पथ्य पाळतो. कार्डाचा नंबर आणि कर्नलचं म्हणणं वाचल्याशिवाय इंटरनेटवरून काहीही उतरवायचं नाही.

उतरवायचं झालं तरी नेट लागतंच. त्याची सोय आधी करून ठेवावी. सगळ्यात सोपी सोय म्हणजे अँड्रॉइड फोन. यूएसबी केबलने जोडून फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग सुरू केलं की लिनक्सला ते एक वायर्ड कार्ड दिसतं. त्याचा ड्रायव्हर (आरएनडीआयएस_होस्ट किंवा सीडीसी_एनसीएम) कर्नलमध्येच असतो, काही बसवावं लागत नाही. फोन वायफायवर असेल तर तेच नेट पुढे जातं, मोबाइल डेटा खर्च होत नाही. टेदरिंगचा पर्याय पुसट दिसत असेल तर केबल बदला. स्वस्तातल्या कित्येक केबलींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. ‘एलएसयूएसबी’ लिहिल्यावर यादीत फोन दिसला नाही, तर दोष केबलचाच धरायचा. याशिवाय रिअलटेक ८१५३ किंवा एएसआयएक्स ८८१७९ चिपचं यूएसबी-लॅन अडॅप्टर पिशवीत असावं. दोन्ही लावल्या लावल्या चालतात.

आता मुख्य आज्ञा. टर्मिनलमध्ये ‘एलएसपीसीआय’ लिहून पुढे डॅश आणि एन, एन, के ही अक्षरं द्यायची. लांबलचक यादी येते. त्यात ‘इथरनेट कंट्रोलर’ आणि ‘नेटवर्क कंट्रोलर’ या दोन ओळी शोधायच्या. ओळीच्या शेवटी चौकोनी कंसात कोलनने जोडलेले दोन आकडे असतात, उदाहरणार्थ १०ईसी:८१६८. पहिला भाग कंपनीचा: १०ईसी म्हणजे रिअलटेक, ८०८६ म्हणजे इंटेल, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम, १६८सी म्हणजे अॅथेरॉस. दुसरा भाग चिपचा. बॉक्सवरचं किंवा लॅपटॉपच्या स्टिकरवरचं नाव शोधू नये, हा आकडा शोधावा. एकाच मॉडेलच्या लॅपटॉपमध्ये कंपनी दोन-तीन वेगळी वायफाय कार्डं टाकते.

त्या ओळीच्या खाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ असं असेल तर ड्रायव्हर लागलेला आहे, विषय पुढचा आहे. फक्त ‘कर्नल मॉड्यूल्स’ असेल आणि ‘इन यूज’ नसेल तर ड्रायव्हर घरात आहे, पण लोड झालेला नाही किंवा लोड होताना आपटला. दोन्ही नसतील तरच ड्रायव्हरच नाही असं म्हणता येतं. आणि कार्डाची ओळच नसेल तर सॉफ्टवेअरकडे बघूच नये.

ओळच नसण्याची कारणं साधी असतात. बायोसमध्ये ‘ऑनबोर्ड लॅन’ बंद केलेलं असतं, हे ऑफिसच्या लॉटमधल्या मशिनांत बघायला मिळतं. ते चालू असूनही कार्ड दिसत नसेल तर पॉवर केबल काढून पॉवर बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरायचं आणि मग पुन्हा चालू करायचं. नुसत्या रीस्टार्टने लॅनच्या चिपची स्टँडबाय वीज तुटत नाही, त्यामुळे ती अडकलेल्या अवस्थेतच राहते. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस झाल्यावर येणारी मशिनं मात्र वेगळी. दोन इमारतींमध्ये गच्चीवरून उघड्यावर ओढलेली लॅन केबल असते, जवळ वीज पडते, आणि स्विचचा एक पोर्ट व त्याला जोडलेलं कार्ड बरोबरच जातं. अशा कार्डाची ओळ कधी दिसते कधी दिसत नाही, किंवा ओळीच्या शेवटी ‘रेव्ह एफएफ’ असं छापून येतं. एफएफ म्हणजे चिप उत्तरच देत नाही. तिथे ड्रायव्हर बदलत बसण्यात अर्थ नाही. रिकाम्या स्लॉटमध्ये नवं पीसीआय एक्सप्रेस लॅन कार्ड लावावं आणि बायोसमधून जुनं बंद करावं. दोन इमारती जोडायच्याच असतील तर मध्ये फायबर टाकावी. फायबरमधून वीज येत नाही.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी शिरलेल्या दुकानांतली काही मशिनं अजून फिरतात. त्यांच्या लॅन सॉकेटमधल्या आठ पिनांवर हिरवट थर असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने साफ करून बघता येतं, पण पिन खाल्ली गेली असेल तर यूएसबी अडॅप्टरच बरा. हळदीच्या पेठेतल्या मशिनांच्या सॉकेटमध्ये पिवळी पूड बसलेली असते, ती मात्र ब्रशने निघते.

वायर्डमध्ये सगळ्यात जास्त भेटणारी चिप म्हणजे ती १०ईसी:८१६८. तिच्यासाठी कर्नलमधला ड्रायव्हर आर८१६९ नावाचा आहे. नाव आणि चिपचा आकडा जुळत नाही म्हणून लोक गोंधळतात आणि रिअलटेककडून आर८१६८ नावाचा ड्रायव्हर उतरवतात. आर८१६९ हा पूर्ण घराण्यासाठीचा ड्रायव्हर आहे, तो चुकीचा नाही. कंपनीच्या झिपमधली ‘ऑटोरन’ स्क्रिप्ट चालवली की ती कर्नलमधल्या आर८१६९ फाइलचं नाव बदलून बाजूला ठेवते आणि आपलं मॉड्यूल बसवते. आज नेट चालतं. पुढच्या कर्नल अपडेटनंतर नव्या कर्नलसाठी कंपनीचं मॉड्यूल बांधलेलंच नसतं, आणि कुठला ड्रायव्हर लागला हे दुकानदाराला कळायला मार्ग नसतो. खरोखर गरज पडलीच तर डेबियनच्या नॉन-फ्री विभागातलं ‘आर८१६८-डीकेएमएस’ पॅकेज घ्यावं. डीकेएमएस प्रत्येक नव्या कर्नलसाठी मॉड्यूल पुन्हा बांधतं.

गरज कधी पडते? ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) ‘नेटडेव्ह वॉचडॉग’, कार्डाचं नाव आणि ‘ट्रान्समिट क्यू झीरो टाइम्ड आउट’ अशी ओळ पुन्हा पुन्हा येत असेल, म्हणजे कार्ड चालता चालता गप्प होत असेल, तेव्हा. तिथेही आधी पीसीआय एक्सप्रेसची वीजबचत बंद करून बघावी. ‘ईटीसी’मधल्या ‘डीफॉल्ट’ फोल्डरमधली ‘ग्रब’ फाइल उघडून कर्नलच्या ओळीत ‘पीसीआयई_एएसपीएम=ऑफ’ घालायचं, ‘अपडेट-ग्रब’ चालवायचं, रीबूट. लॅपटॉपवर याने बॅटरी थोडी लवकर उतरते. डेस्कटॉपवर काही बिघडत नाही. याने थांबलं तर ड्रायव्हर बदलायची गरजच नाही.

नवीन मदरबोर्डांवरची अडीच गिगाबिटची चिप, १०ईसी:८१२५, ही खरी ‘ड्रायव्हर नाही’ वाली केस. आर८१६९ ला ती कर्नल ५.४ पासून कळते. डेबियन १० चं कर्नल ४.१९ आहे, म्हणून तिथे कार्ड मुकं राहतं. इलाज ड्रायव्हर शोधण्याचा नाही, नवी आवृत्ती बसवण्याचा. डेबियन १२ मध्ये ६.१ आहे, उबंटू २२.०४ मध्ये ५.१५. जुनी आयएसओ (लिनक्स बसवायची फाइल) पेनड्राइव्हमध्ये वर्षानुवर्षं सांभाळून ठेवायची आपल्याकडे सवय आहे. ती मोडली तर निम्म्या तक्रारी संपतील.

एक प्रकार चकवा देणारा आहे. विंडोज आणि लिनक्स दोन्ही असलेल्या मशिनवर विंडोजमधून बंद करून लिनक्स चालू केलं की लॅनचा दिवा लागत नाही, आणि वीज तोडून पुन्हा चालू केलं की लागतो. विंडोजचा ड्रायव्हर जाताना चिपची वीज कमी करून ठेवतो. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप बंद करावं, आणि कार्डाच्या अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘शटडाउन वेक ऑन लॅन’ चालू ठेवावं. दोष विंडोजच्या बाजूचा असल्याने लिनक्समध्ये कितीही शोधलं तरी हा सापडत नाही.

ड्रायव्हर लागला आहे, दिवा मिणमिणतो, पण लिंक टिकत नाही? ‘ईथटूल’ आणि पुढे कार्डाचं नाव, म्हणजे ‘ईएनपी३एस०’ असं काहीतरी, लिहून बघा. ‘लिंक डिटेक्टेड’ आणि ‘स्पीड’ या दोन ओळी पुरतात. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. १०० मेगाबिटला दोनच, पिन १, २, ३ आणि ६. जुन्या लॅबमध्ये केबल वाचवण्यासाठी एकाच केबलच्या चार जोड्यांतून दोन कॉम्प्युटर जोडलेले असतात. शंभरच्या जमान्यात हे चालून गेलं. आता स्विच गिगाबिट, कार्ड गिगाबिट. दोघं एकमेकांशी बोलणी करतात ती त्याच दोन जोड्यांवरून, त्यामुळे ‘गिगाबिट ठरलं’ असं होतं आणि प्रत्यक्षात उरलेल्या जोड्या नसतातच. काही कार्डं शहाणी असतात, आपणहून शंभरवर उतरतात. काही पुन्हा पुन्हा तेच करत बसतात, आणि डीमेसेजमध्ये ‘लिंक इज अप’, ‘लिंक इज डाउन’ अशी रांग लागते. केबल नवी ओढणं हाच इलाज. तोवर ‘ईथटूल -एस’, कार्डाचं नाव, ‘अॅडव्हर्टाइज ०एक्स००एफ’ (इथला एस लहान लिपीतला) दिलं की कार्ड फक्त १० आणि १०० चीच बोली लावतं. रीबूटनंतर हे पुसलं जातं, म्हणून नेटवर्क मॅनेजरच्या (नेटची सेटिंग सांभाळणारा प्रोग्राम) त्या कनेक्शनमध्ये ऑटो-निगोशिएट चालू ठेवून स्पीड १०० आणि डुप्लेक्स फुल भरून ठेवायचं. ऑटो-निगोशिएट बंद करून स्पीड ठोकू नये. समोरचा स्विच मग हाफ डुप्लेक्स (एका वेळी एकाच बाजूने बोलणं) धरतो, आणि नेट चालतं पण रांगत चालतं.

डेबियनवर आणखी एक किरकोळ भानगड. ‘एनएमसीएलआय डिव्हाइस’ केल्यावर कार्डापुढे ‘अनमॅनेज्ड’ दिसतं. त्या कार्डाचं नाव ‘ईटीसी’मधल्या ‘नेटवर्क’ फोल्डरच्या ‘इंटरफेसेस’ फाइलमध्ये लिहिलेलं असतं, म्हणून नेटवर्क मॅनेजर त्याला हात लावत नाही. त्या ओळींपुढे हॅश घालून सर्व्हिस रीस्टार्ट केली की झालं. ‘लो’ची (मशिनच्या स्वतःशीच असलेल्या जोडणीची) ओळ मात्र राहू द्या. आणि ग्राफिक्स कार्ड वगैरे नवं लावल्यावर ईएनपी२एस० चं ईएनपी३एस० होऊ शकतं, कारण हे नाव स्लॉटच्या क्रमांकावरून ठरतं. जुन्या नावाने लिहिलेली सेटिंग मग कुणालाच लागू होत नाही.

वायफायकडे वळू. पहिली आज्ञा ‘आरएफकिल लिस्ट’. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड: यस’ असेल तर ‘आरएफकिल अनब्लॉक ऑल’ पुरे. ‘हार्ड ब्लॉक्ड: यस’ म्हणजे लॅपटॉपच्या कडेचं सरकतं बटण किंवा एफएन सोबतची की. असं बटणच नसलेल्या लॅपटॉपवर हार्ड ब्लॉक दिसत असेल तर कीबोर्डच्या खास कळा सांभाळणारं मॉड्यूल चुकीची बातमी देत असतं. लेनोव्होच्या आयडियापॅडवर ते ‘आयडियापॅड_लॅपटॉप’ असतं. ‘मॉडप्रोब -आर’ने काढून बघावं, आणि फरक पडला तर ब्लॅकलिस्ट करावं, म्हणजे ते पुन्हा लोड होणार नाही.

मग फर्मवेअर. ड्रायव्हर वेगळा आणि फर्मवेअर वेगळं, हे इथे स्पष्ट होतं: ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो, फर्मवेअर ही कार्डाच्या आतल्या प्रोसेसरवर चालणारी फाइल असते आणि ड्रायव्हर ती चालू होताना कार्डात ओततो. बहुतेक फर्मवेअरचा सोर्स खुला नाही, म्हणून डेबियनने ते बरीच वर्षं मुख्य आयएसओबाहेर ठेवलं. २०२२ च्या मतदानानंतर धोरण बदललं आणि डेबियन १२ च्या इन्स्टॉलरमध्ये ते आत आलं. ११ वरून १२ वर अपग्रेड केलेल्या मशिनवर मात्र ‘सोर्सेस’च्या यादीत ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ हा नवा विभाग हाताने घालावा लागतो, नाहीतर फर्मवेअर जुनंच राहतं.

डीमेसेजमध्ये ‘फर्मवेअर’ शब्द शोधायचा. ‘फेल्ड टू लोड’ आणि शेवटी उणे २ म्हणजे फाइल जागेवर नाही, बाकी काही नाही. इंटेलच्या कार्डावर अशा चार-पाच लाल ओळी बघून घाबरू नये: आयडब्ल्यूएल-वायफाय ड्रायव्हर सगळ्यात नव्या आवृत्तीची फाइल आधी मागतो, नाही मिळाली की एक पायरी खाली येतो. शेवटी ‘लोडेड फर्मवेअर व्हर्जन’ ही ओळ असेल तर वरच्या सगळ्या निरुपद्रवी. नसेल तर ‘फर्मवेअर-आयडब्ल्यूएलवायफाय’, रिअलटेकसाठी ‘फर्मवेअर-रिअलटेक’, अॅथेरॉससाठी ‘फर्मवेअर-अॅथेरॉस’ हे पॅकेज. या पॅकेजांना कशाचाही आधार लागत नाही, म्हणून दुसऱ्या मशिनवर डेब फाइल (डेबियनच्या पॅकेजची फाइल) उतरवून पेनड्राइव्हने आणून ‘डीपीकेजी -आय’ केलं तरी बसतात.

ब्रॉडकॉममध्ये ते सुख नाही. १४ई४:४३६५ हा आकडा, म्हणजे बीसीएम४३१४२, दिसला की कामाला वेळ लागणार हे धरून चालावं. याला कर्नलमधला ड्रायव्हर चालवत नाही. कंपनीचा ‘डब्ल्यूएल’ लागतो. डेबियनवर ‘ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस’, उबंटू-मिंटवर ‘बीसीएमडब्ल्यूएल-कर्नल-सोर्स’. ही दोन्ही पॅकेजं मशिनवरच मॉड्यूल बांधतात, म्हणजे कंपायलर, मेक आणि चालू कर्नलचे हेडर (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइली) लागतात. पेनड्राइव्हने एकेक डेब आणत बसलात तर दिवस जातो. इथे फोनचं टेदरिंगच कामाला येतं. डेबियनवर हेडर बसवताना फक्त आत्ताच्या कर्नलचे घेऊ नयेत. ‘लिनक्स-हेडर्स-एएमडी६४’ हे सामूहिक पॅकेज घ्यावं, म्हणजे पुढच्या कर्नलबरोबर त्याचे हेडरही आपोआप येतील आणि डीकेएमएसला बांधता येईल. बांधणी फसली तर ‘व्हार, लिब, डीकेएमएस’ या वाटेवर पॅकेजच्या नावाच्या फोल्डरमध्ये आवृत्तीचा फोल्डर, त्यात ‘बिल्ड’ आणि त्यात ‘मेक डॉट लॉग’ असते. शेवटची ओळ वाचू नका, पहिली ‘एरर’ वाचा. हेडर सापडत नाहीत असं असेल तर बहुधा कर्नल अपडेट झालंय पण मशिन रीबूट झालेलं नाही.

बांधणी झाली, ‘मॉडप्रोब डब्ल्यूएल’ केलं, आणि ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’ आलं, तर सिक्युअर बूट चालू आहे. ‘मॉक-यूटिल’ला ‘एसबी-स्टेट’ विचारून खात्री करा. दोन रस्ते आहेत: बायोसमधून सिक्युअर बूट बंद करायचं, किंवा ‘मॉक-यूटिल’च्या ‘इम्पोर्ट’ने आपली किल्ली नोंदवायची. दुसऱ्यात एक पासवर्ड विचारला जातो, आणि रीबूटनंतर निळ्या स्क्रीनवर ‘एन्रोल मॉक’ निवडून तोच द्यावा लागतो. ती स्क्रीन काही सेकंदच थांबते, आणि तिथे कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा असतो. पासवर्ड साध्या अक्षरांचा ठेवा. विंडोज सोबत असेल आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर सिक्युअर बूटला हात लावण्याआधी रिकव्हरी की लिहून घ्या, नाहीतर वायफाय येईल आणि विंडोज कुलूपबंद होईल.

खरं सांगायचं तर डेबियनच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर डब्ल्यूएलशी झुंजण्यापेक्षा ते कार्ड काढून जुनं इंटेल किंवा अॅथेरॉस कार्ड लावणं परवडतं. स्क्रू एक, अँटेनाच्या दोन तारा. अडचण एवढीच, की काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपांचा बायोस ठरावीक कार्डांनाच परवानगी देतो; दुसरं लावलं की चालू होतानाच ‘अनसपोर्टेड’ म्हणून थांबतो. म्हणून झाकण उघडण्याआधी कार्ड परत करता येईल अशा बोलीवर घ्यावं.

अँटेनावरून एक खास खोड. १०ईसी:बी७२३, म्हणजे आरटीएल८७२३बीई. ड्रायव्हर लागलेला, फर्मवेअर आलेलं, नेटवर्क दिसतं, पण राउटर शेजारी ठेवला तरच. काही स्वस्त लॅपटॉपांत या कार्डाला एकच अँटेना जोडलेली असते आणि ती कुठल्या टोकाला आहे ते ड्रायव्हरला चुकीचं कळतं. ‘आयडब्ल्यू’च्या स्कॅनमध्ये ‘सिग्नल’ बघा; त्याच खोलीत उणे ८० च्या खाली असेल तर हेच कारण. ‘ईटीसी’मधल्या ‘मॉडप्रोब डॉट डी’ फोल्डरमध्ये नवी फाइल करून एकच ओळ लिहायची: ‘ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई अँट_सेल=२’. मॉड्यूल काढून पुन्हा लोड करा. फरक नसेल तर २ च्या जागी १. अँटेना बरोबर लागली की आकडा उणे ४०-५० च्या घरात येतो. तरीही मधूनच तुटत असेल तर त्याच ओळीत ‘एफडब्ल्यूएलपीएस=०’ आणि ‘आयपीएस=०’ जोडायचं, वीजबचत बंद होते.

नव्या रिअलटेक कार्डांना मात्र हे पर्याय लागू नाहीत, त्यांचे ड्रायव्हरच वेगळे. आरटीएल८८२१सीई ला कर्नल ५.९ पासून आरटीडब्ल्यू८८, आरटीएल८८५२बीई ला ६.२ पासून आरटीडब्ल्यू८९. म्हणजे डेबियन १२ च्या मूळ ६.१ वर ८८५२बीई चालत नाही. बॅकपोर्ट्समधलं (जुन्या आवृत्तीसाठी नवी पॅकेजं देणारा विभाग) कर्नल घ्यावं लागतं.

शेवटी यूएसबी डोंगल, कारण शाळा तोच स्वस्त म्हणून आणतात. लावल्यावर ‘एलएसयूएसबी’मध्ये ०बीडीए:१ए२बी दिसला, तर तो अजून स्वतःला सीडी समजतोय; आत विंडोजच्या ड्रायव्हरची छोटी सीडी भरलेली असते. ‘यूएसबी-मोडस्विच’ पॅकेज बसवलं की तो बहुधा वायफायच्या रूपात येतो आणि आकडा बदलतो. हाताने ‘इजेक्ट’ करून चालतं, फक्त डेस्कटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर एसआर० म्हणजे तीच असते आणि तिचाच ट्रे बाहेर येतो. डोंगल एसआर१ वर असतो. विकत घेताना पाकिटावरच्या मॉडेलच्या नावाला अर्थ नाही, त्याच नावात व्हर्जन बदललं की चिप बदलते. दुकानात आपला लॅपटॉप नेऊन तिथेच लावून आकडा बघावा. आमच्याकडे डेबियन १२ वर वेगळा ड्रायव्हर न बसवता चालणारे डोंगल मीडियाटेक एमटी७६१०यू किंवा एमटी७६१२यू चिपचे. फर्मवेअर पॅकेज तेवढं आत असलं पाहिजे.

काम झालं म्हणण्याआधी मशिन पूर्ण बंद करून, प्लग काढून, पुन्हा चालू करायचं. सगळे अपडेट घेऊन नव्या कर्नलवर आणखी एकदा. डीकेएमएसचं मॉड्यूल असेल तर ‘डीकेएमएस स्टेटस’मध्ये नव्या कर्नलसमोर ‘इन्स्टॉल्ड’ लिहिलेलं दिसलं पाहिजे. मग कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटपट्टीवर कार्डाचा आकडा, लागलेला ड्रायव्हर आणि घातलेला पर्याय लिहून ठेवायचा. पुढच्या वेळी ते मशिन दुसऱ्या कुणाच्या टेबलावर असेल.